पालथा तीन

उद्यमनगरात सुट्टी सोमवारची.
रविवारी मी मालकाकडून दोन तास मागून घेतो,
शनिवारी रात्रीच ते फेडलेले असतात.
नखांत कास्टिंगची काळी वाळू,
शर्ट मात्र इस्त्रीचा.

मंदिराची किल्ली मार्थाबाई समुद्र्यांकडे, पदराच्या गाठीत.
दार उघडता उघडता म्हणतात, "आलास व्हय, शद्रख?"
दर रविवारी तेच, जणू मी येणारच नव्हतो.
मधे तीन वर्षं खरंच आलो नव्हतो.
त्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

माझं काम एवढंच:
व्यासपीठाच्या डाव्या अंगाला सागवानी फळी,
फळीवर खिळे,
खिळ्यांवर गीतांचे आकडे टांगायचे.
पाळकसाहेब चिठ्ठी देतात,
कधी दुधाच्या बिलामागं, कधी औषधाच्या.

मला गाता येत नाही.
लहानपणी एका नाताळात गायकांत उभा राहिलो
तर पेटीवरचे सर हळूच म्हणाले,
"तू नुसतं तोंड हलव, बाळ."
अजून हलवतो.
आणि प्रार्थनेचं म्हणाल तर
तिथंही पुष्कळदा नुसतं तोंडच हलतं.
पण आकडा चुकला
तर दीडशे माणसं भलतंच पान उघडतील.
हे मला कळतं. एवढं नक्की कळतं.

आधी ही फळी हनोखमामांची.
पंचगंगा बाकांच्या पाठीला लागली त्या साली
आकड्यांचा डबा वाहून गेला,
सापडला मागं, शेवग्याच्या बुंध्याशी.
मामांनी एकेक आकडा धुऊन उन्हात मांडला.
लाकडी, करवतीनं कापलेले, पुढून पांढरा रंग.
सगळे होते. सहा मात्र एकही नव्हता.
मामांनी तीन उचलला, पालथा केला,
टांगला.
सहाच की तो!
फक्त रंग नसलेली बाजू लोकांकडं.

मामा त्याच दिवाळीत गेले.
फळी पुसायला कुणीच नव्हतं.
मी मयतीला आलो होतो, मागं उभा होतो,
मार्थाबाईंनी हातात फडकं दिलं.
बस्स. असा मी मंडळीत परत आलो.
साक्षबिक्ष काही दिली नाही.

एका रविवारी चिठ्ठीवर छत्तीस.
त्या वर्षी कमिटीच्या निवडणुकीवरून
आवळे आणि लोखंडे यांचं तसंच चाललेलं,
एक उजव्या बाकांवर, एक डाव्या,
प्रभुभोजनाच्या रांगेतही पाठीला पाठ.
मी दोन तीन घेतले, एक सरळ, एक पालथा,
एकाच लाकडाचे,
आणि खाली उतरून बघत राहिलो.
कुणाला काही दिसलं का, माहीत नाही.
गीत सगळ्यांनी म्हटलं.
भांडण पुढं सहा महिने चाललं.

मग मला वाटलं, नवा सहा करू.
जेवणाच्या सुट्टीत ॲल्युमिनियमचा पत्रा कापला,
कानशीनं कडा मारल्या, पॉलिश केलं.
आरशासारखा सहा.
मार्थाबाई डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या,
"ह्ये काय चकाकतंय रं? आकडा दिसंना.
आपला त्यो उघडा कुठं गेला?"
मी उघड्याला परत टांगला.
नवा त्यांनी मागून घेतला, किल्लीला अडकवला.
"जड झाली आता. हरवायची न्हाई."

गेल्या आठवड्यात त्या मिरजेला गेल्या, मोतीबिंदूला.
जाताना गाठ सोडून किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.
पाच दिवस ती खिशात होती.
लेथपाशी वाकलो की
मांडीला सहा टोचायचा.

आज दार मीच उघडलं.
आत मेणाचा, ओल्या चुन्याचा वास,
बाकं नुसती.
आणि तोंडातून निघून गेलं,
"आलास व्हय?"

कुणाला म्हणालो, ते नीट कळलं नाही.
क्षणभर थांबलो.
मग चिठ्ठी उलगडली, डबा उघडला,
पालथा तीन शोधू लागलो.